बियाण्याच्या वड्या

कापणी उरकली, पेंढा रचून झाला, की मग पाऊस यायचा नसतो. सकाळी गावाच्या ऊ नावाच्या नदीवर धुकं बसतं, म्हशी ऊन वर येईपर्यंत उठत नाहीत, आणि माणसं शेकोटीभोवती उकिडवी बसून कुणाच्या लग्नाला किती डुकरं कापावी लागतील याची चर्चा करतात. पण त्या वर्षी पाऊस आला, आणि नको असलेल्या पाहुण्यासारखा नऊ दिवस बसला. जातो जातो म्हणायचा आणि परत टेकायचा.

तिसऱ्या दिवशी चानपेंगला ताप भरला. एकाहत्तर वर्षांत ही बाई दिवसाउजेडी आडवी झालेली कुणी पाहिली नव्हती. तिची धाकटी लेक बुआफान हिने तिला चुलीजवळच्या चटईवर निजवलं, वर दोन रजया घातल्या. घर खांबांवर उभं, त्यामुळे खालून गार वारा फटीफटीतून वर यायचा. रजयांच्या आतून चानपेंगचं बोलणं मात्र चालूच होतं.

"तांदूळ भिजत घातलेस?"

"घातले, आई."

"कोळिंजनाचं मूळ जून घे. कोवळ्याला नुसता वास, दम नाही. माणसांसारखंच."

"हो गं."

"आणि आज आंबट खाऊ नकोस. कुणाशी भांडूही नकोस. नवऱ्याशीसुद्धा."

"चव्वेचाळीस वर्षांची झालेय मी. माहितेय मला."

"माहितेय म्हणणारीच चुकते," चानपेंग म्हणाली आणि खोकत राहिली.

काम विरजणाच्या वड्यांचं होतं. चिकट तांदूळ वाफवायचा, गार करायचा, त्यावर वड्या चुरून टाकायच्या, आणि रांजणात झाकून ठेवला की आठवड्याने त्याला पाझर फुटतो, मग भट्टी लावायची. तांदूळ सगळ्यांकडे तोच, नदी सगळ्यांना तीच. दारूत फरक पडतो तो वड्यांनी. आणि नवी वडी नुसत्या पिठाने होत नाही. तांदळाचं पीठ, कोळिंजन, मिरची, रानातली दोन-तीन पानं असं मळून चकत्या थापल्या, की वरून जुन्या वड्यांची पूड भुरभुरवायची. त्या पुडीतला जीव नव्या वडीत उतरतो. दोन दिवसांत तिच्या अंगावर पांढरी लव येते. मग उन्हात वाळवायची.

जुन्या वड्या चुलीवर धुरात टांगलेल्या एका भोपळ्यात असत. नेहमी सात. तीन काढायच्या, चार ठेवायच्या, आणि नव्या झाल्या की त्यांतल्या चांगल्या निवडून भोपळा परत भरायचा. चानपेंगला ते बियाणं तिच्या आईकडून आलं होतं, आईला तिच्या आईकडून. लढाईच्या वर्षांत गाव सोडून सगळे डोंगरातल्या गुहेत राहायला गेले, तेव्हा चानपेंगच्या आईने तांदळाच्या आधी तो भोपळा उचलला होता. त्यावरून नवऱ्याने तिला आयुष्यभर चिडवलं आणि आयुष्यभर तिचीच दारू प्यायला.

बुआफानने पीठ कांडलं. पावसाच्या आवाजात मुसळाचा आवाज मिसळत होता. तिचे खांदे आठवडाभर भट्टीचं पाणी वाहून भरून आले होते. लग्नसराई तोंडावर, दारू शहरात नेणारा, पान नावाचा नावाडी रोज विचारून जायचा, आणि घरातलं स्वतःचं लग्नही दोन महिन्यांवर आलेलं. तिची मुलगी दुआंगता. नवरामुलगा नदीपलीकडचा, लग्नानंतर इथेच राहायला येणार. तिने मनाशी हिशेब केला तो असा, की एकदाच मोठा घाणा करावा, म्हणजे वर्षभर बघायला नको. चकत्या केल्या तीनशे. मग तीन वड्यांची पूड केली, ती पुरेना. अजून एक काढली. मग अजून एक. थंडी आहे, ओल आहे, जास्त घातली तर लवकर फुलतील, असंही तिला वाटलं. आईला विचारावं म्हणून तिने एकदा मान वळवली. आई तापाने बरळत होती, मेलेल्या भावाला काठाची नाव सोडायला सांगत होती.

बुआफानने सातही कुटल्या.

चकत्या थापल्यापासून तिसऱ्या दिवशी दुपारी थोडं ऊन पडलं. चकत्यांवर लव छान आली होती, मांजराच्या पोटासारखी. तिने चकत्यांची चारही सुपं खाली अंगणात मांडणीवर नेऊन ठेवली, आणि पाच मिनिटांसाठी शेजारच्या घरी गेली. तिथे थाई मालिका लागली होती. त्यातल्या सुनेला घराबाहेर काढायचा दिवस होता आणि बुआफान दोन महिने त्या दिवसाची वाट बघत होती. बाहेर पाऊस परत लागला तेव्हा पत्र्यावर त्याचा आवाज आला. तिला तो ऐकूही आला. पण सून अजून उंबऱ्यातच उभी होती.

पुढे तिने पुष्कळदा आठवून पाहिलं. पाऊस ऐकल्यानंतर आपण किती वेळ बसलो? फार नाही. सून पायऱ्या उतरेपर्यंत.

सुपं पाण्याने भरली होती. तिने चकत्या वर आणल्या, चुलीभोवती पसरल्या, रात्रभर जाळ ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर गुलाबी बुळबुळीत डाग आले, तिसऱ्या दिवशी काळे. वास असा की तिने नाकातोंडावर फडकं धरलं. एकेक उचलून फोडली, आतून तरी एखादी पांढरी निघेल म्हणून. तीनशेच्या तीनशे फोडल्या. शेवटी सगळं टोपलीत भरून डुकरांपुढे ओतलं. डुकरांनी हुंगलं आणि तोंड फिरवलं. डुकरांनी. जी गोधडीसुद्धा खातात.

वर रजईतून हाक आली, "वड्या वाळल्या का गं?"

"वाळताहेत, आई."

हे पहिलं खोटं. ते सोपं गेलं, हेच वाईट झालं.

खरं तर वाट होती. गावात रीत होती तशी. ज्या घराचं बियाणं मेलं त्या घराच्या बाईने दुसऱ्या घराच्या शिडीखाली उभं राहायचं आणि ते कसं मेलं हे तोंडाने, मोठ्याने सांगायचं. मग ते घर आपल्यातल्या वड्या देतं. देतंच, नाही म्हणता येत नाही. पण तिथून पुढे तुमच्या घरची दारू त्या घराच्या नावाने ओळखली जाते. आणि या गावात जुनं बियाणं उरलं होतं ते आणखी एकाच घरी, उथायकडे. चानपेंग आणि उथाय दोघी एका वयाच्या. उथायच्या दारूला चानपेंग गेली पन्नास वर्षं 'तांदळाचं धुवण' म्हणत आली होती, आणि हळू आवाजात कधीच नाही.

बुआफान शिडीखाली गेली नाही. पानच्या नावेत बसून बाजाराच्या गावी गेली.

दुकानात प्लास्टिकच्या पिशवीत वड्या मिळतात. पांढऱ्या, गुळगुळीत, सगळ्या एकीसारखी एक. दुकानदार म्हणाला, "घ्या वहिनी, कशाला कांडत बसता? हल्ली सगळे ह्याच नेतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"नाव कुणी सांगतं का," तो हसला.

घरी येऊन तिने गोठ्यात बसून त्या वड्या ओल्या केल्या, कोळिंजनाच्या आणि मिरचीच्या पुडीत घोळवल्या, हाताने दाबून चपट्या केल्या. चानपेंगच्या प्रत्येक वडीवर मधोमध अंगठ्याचा ठसा असायचा. तिचा अंगठा लहानपणी उखळात सापडून मोडला होता, त्यामुळे ठसा डावीकडे कलायचा. बुआफानने आपला अंगठा वाकडा करून पाहिला. पहिल्या दोन-तीन खोट्या म्हणून ओळखू येण्यासारख्या झाल्या. मग जमलं.

तिचा नवरा विलाय लाकडं घेऊन आला आणि दारात थांबला. त्याने पिशवी पाहिली, बायकोचा अंगठा पाहिला.

"काही विचारायचंय?" बुआफान म्हणाली.

"मी काय," विलाय म्हणाला, "मी लाकडं फोडतो." आणि फोडायला गेला. पण त्या दिवशी त्याने गरजेपेक्षा फार लाकडं फोडली.

पाऊस गेला, चानपेंगचा तापही गेला. ती काठी टेकत शिडी उतरली आणि सरळ नदीकाठच्या भट्टीशी येऊन बसली. पिंपाखाली जाळ होता, वर कढईत गार पाणी, कढईच्या बुडाला वाफ लागून ठिबकत होती आणि बांबूच्या नळीतून पहिली धार कॅनमध्ये पडत होती. बुआफान कढईतलं कोमट झालेलं पाणी बादलीने काढून नदीचं ओतत होती. तिच्या कपाळावरून घाम हनुवटीवर येऊन ठिबकत होता, नळीच्याच तालात.

चानपेंगने करंगळी धारेखाली धरली आणि जिभेला लावली. बुआफानची बादली हवेतच राहिली.

म्हातारीने पुन्हा करंगळी धरली. पुन्हा चाटली. मग नदीच्या पाण्याने चूळ भरली.

"जिभेवर अजून ताप आहे माझ्या," ती म्हणाली.

"असेल," बुआफान म्हणाली.

"कडक आहे. पण मागे काही राहत नाही. तोंडातून कुणी उठून गेल्यासारखं वाटतं."

"बरी होशील आठ दिवसांत."

दारूत खोट नव्हती. उलट लवकर सुटायची, जास्त सुटायची. पानने पहिले आठ कॅन शहरात पोचवले आणि चौथ्या दिवशी परत आला. "चानपेंगची म्हटल्यावर झाकण उघडून बघतसुद्धा नाहीत," तो म्हणाला, "मावशी, तुमचं नाव माझ्या नावेपेक्षा जोरात पळतंय." चानपेंग खूश झाली. बुआफान कॅन धुवायला पाण्यात उतरली आणि गुडघाभर पाण्यात बराच वेळ उभी राहिली.

एक आशा उरली होती. थोरली बहीण बुन्लिएन लग्न होऊन नदीच्या वरच्या अंगाला, नावेने दोन तासांच्या गावी घर करून राहिली, तेव्हा आईने तिला फडक्यात बांधून वड्या दिल्या होत्या. लग्नाचं आमंत्रण द्यायच्या निमित्ताने बुआफान गेली. ताईने भात आणि माशाचं तिखट वाढलं. जेवून झालं, पान-सुपारी झाली, भाच्यांची चौकशी झाली.

"ताई, तुझ्याकडच्या वड्या कशा येतात हल्ली?"

"का गं?"

"सहज. आईने विचारलंय."

बुन्लिएनने सुपारी थुंकली, दाराकडे बघितलं, आणि आवाज खाली आणला. "आईला सांगू नकोस. चार वर्षं झाली, मी बाजारच्याच वापरते. भोपळ्याला भुंगा लागला. आईला काय सांगणार होते मी? ती म्हणाली असती, एक भोपळा सांभाळता येत नाही."

बुआफान हसायला लागली. बुन्लिएनही हसली, काय झालं ते न कळता. मग बुआफानचं हसणं थांबेना आणि बुन्लिएनचं थांबलं.

"तूही?" बुन्लिएन म्हणाली.

बुआफानने मान डोलावली.

"म्हणजे संपलं?"

"संपलं."

बुन्लिएनने सुपारीचा डबा मिटला. मग म्हणाली, "आता कितीशी वर्षं राहिलीत आईची. कळलं नाही म्हणजे झालं." निघताना तिने बहिणीच्या टोपलीत वाळवलेले मासे घातले, मागे लागून लागून घातले, भरपूर.

लग्नाच्या महिनाभर आधी घडा भरायचा असतो. ही भट्टीची दारू नव्हे, घड्यात मुरलेली, बांबूच्या नळ्यांनी ओढून प्यायची. ती घरातल्या थोरल्या बाईने स्वतःच्या हाताने भरायची. चानपेंग सकाळी नदीवर जाऊन आली, कमरेला स्वच्छ सिन गुंडाळली आणि चटईवर बसली. वाफवलेला तांदूळ सुपात पसरून तिने त्यात भाताचं तूस कालवलं. मग म्हणाली, "वड्या आण."

बुआफानने टोपली आणून पुढे ठेवली.

चानपेंगने एक वडी उचलली, ठशावर आपला वाकडा अंगठा ठेवला. बसला बरोबर. तिने वडी कपाळाशी नेली आणि डोळे मिटून घरातल्या मेलेल्या बायकांची नावं घेतली. आपली आई, आईची आई, त्यांच्या बहिणी. "तुमचंच आहे हे," ती म्हणाली, "तुमच्या हातातून माझ्या हातात आलंय. नातीच्या लग्नाला या. पोटभर प्या, भांडू नका."

बुआफान मागे उभी होती. आता सांगावं. आता, वडी चुरायच्या आत. तिच्या जिभेवर शब्द आलेसुद्धा. मग शिडीवरून दुआंगता वर आली, हातात केळीची पानं, गाल धावून लाल झालेले, "आजी, मी पण हात लावू?" आणि आजी म्हणाली, "ये, बैस माझ्याजवळ." नातीने आणि आजीने मिळून वड्या चुरल्या. बुआफानने घड्याच्या तोंडाला राख आणि चिखल लिंपला, चांगला जाड, कुठेही फट न ठेवता.

लग्नाच्या दिवशी अंगणात मंडप, खाली चटया, पलीकडच्या तीरावरून सहा नावा भरून माणसं. सगळ्यांत आधी घडा. चिखल फोडला, पाणी ओतलं, नळ्या खुपसल्या. थोडी दारू जमिनीला, थोडी घराच्या खांबाला, आणि मग पहिली ओढ जिने घडा भरला तिची. चानपेंग वाकली, नळी तोंडात धरली. मंडपात सगळे थांबले.

तिने ओढलं. गिळलं. नळीवर हात तसाच ठेवून ती जरा वेळ वाकलेलीच राहिली. मग सरळ झाली आणि हसून म्हणाली, "या. छान झालीय."

सगळे सरसावले. नवऱ्याच्या मामाने, जाड्या, बोलक्या माणसाने, लांब ओढ घेतली आणि मिशा पुसल्या. "इतकी वर्षं ऐकत होतो चानपेंगची, चानपेंगची. आज घरात येऊन प्यालो. आमच्या पोराने मुलगी बघितली असेल, आम्ही घडा बघून होकार दिलाय." मंडप हसला.

मग दोरे बांधायचे. फुलांच्या डोलाऱ्याभोवती नवरानवरी बसली, मंत्र म्हणणाऱ्या म्हाताऱ्याने अंगातले बत्तीसच्या बत्तीस जीव हाका मारून घरी बोलावले, कुणी रानात राहिला असेल तर ये, कुणी नदीत राहिला असेल तर ये. मग ते जीव अंगातच राहावेत म्हणून एकेकाने पांढरा दोरा घेऊन मनगटाला बांधायचा. पहिला मान आजीचा. दुआंगताने दोन्ही हात पुढे केले.

चानपेंगने दोरा उचलला नाही.

"बांधा ना आजी," म्हातारा म्हणाला.

"दुसऱ्या कुणाला बांधू द्या आधी."

"का बरं?"

"हात गेलाय माझा," चानपेंग म्हणाली. हळूच म्हणाली, पण मंडप गप्प होता. "भट्टीवर कळलं होतं, मी म्हटलं ताप असेल. आज घड्यात कळलं. माझ्या वड्यांत आता कुणी राहत नाही. माणसाच्या आधी हात जातो, माझ्या आईचा असाच गेला होता. मेलेल्या हाताने पोरीला कशाला बांधू?"

पलीकडच्या तीरावरच्या बायकांत कुजबुज झाली. नवऱ्यामुलाच्या आईने आपल्या मुलाचा हात मागे ओढून घेतला, नकळत. दुआंगताचे हात तसेच पुढे, रिकामे. तिचे डोळे भरले. बुआफानने बुन्लिएनकडे पाहिलं. बुन्लिएन चटईच्या काड्यांकडे बघत होती.

"आई," बुआफान म्हणाली.

"राहू दे गं."

"आई, हात गेलेला नाही. वड्या तुझ्या नव्हत्या."

चानपेंगने मान वळवली.

"बाजारच्या होत्या. पावसात तुझ्या नासल्या. मी शेजारी बसले होते, मालिका बघत. पाऊस ऐकू आला होता मला."

"मग भोपळ्यातल्या?"

"त्या आधीच कुटल्या होत्या. सातही."

 चानपेंगने आपला उजवा हात वर करून उलटसुलट करून पाहिला, बाजारात कोंबडी बघतात तसा. मग विचारलं, "म्हणजे भट्टीवरचीसुद्धा?"

"पावसापासूनची सगळी."

मागून कुणीतरी पानला कोपर मारलं. पानने टोपी काढून मांडीवर ठेवली. नवऱ्याचा मामा खाकरला आणि म्हणाला, "मग मघाशी मी जी स्तुती केली ती कुणाच्या नावावर लावायची?" दोघेतिघे हसले. बुआफानचे कान तापले, पण तिने मान खाली घातली नाही. खाली घालायला तिला जागाच दिसत नव्हती, सगळीकडे पाहुण्यांचे गुडघे.

चानपेंगने दोरा उचलला. नातीच्या मनगटाला बांधला, एक गाठ, दोन गाठी, तीन. स्वच्छ आवाजात आशीर्वाद दिला, तांदूळ भरपूर होवो, पोरं निरोगी होवोत, तोंडात गोड बोलणं राहो. मग नवऱ्यामुलाला बांधला. मग जावयाला, विलायला बांधला. बुआफानपाशी आली, क्षणभर थांबली, आणि पुढे बुन्लिएनकडे गेली. बुन्लिएनने हात पुढे केला.  पण आपल्या भोपळ्याचं तिने काही सांगितलं नाही, आणि बुआफाननेही नाही.

तीन दिवस चानपेंग दुआंगताच्या हातचं जेवली. बुआफानने लावलेल्या भाताची टोपली ती हाताने बाजूला सारायची, रागाने नाही, वाटेत आली म्हणून सारावी तशी. नवा जावई बिचारा दोघींकडे बघत दोन्हीकडचा भात खायचा.

चौथ्या सकाळी ती काठी घेऊन दारात उभी राहिली. "चल."

"कुठे?"

"उथायकडे. मी चालेन, बोलायचं तू."

उथायचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. वाटेत माणसं भात कांडत होती, जाळी विणत होती. सगळ्यांना कळलं दोघी कुठे निघाल्यात ते, आणि सगळ्यांनी कुठे निघालात म्हणून विचारलं. शिडीखाली पोचल्यावर चानपेंग लाकडाच्या ओंडक्यावर बसली आणि काठीवर हनुवटी टेकली.

"उथाय मावशी," बुआफानने हाक मारली.

"कोण?" वरून आवाज आला.

"मी बुआफान. आमचं बियाणं मेलं."

"ऐकू नाही येत बाई. म्हातारी झाले."

तीन घरांपलीकडची कुजबुज उथायला ऐकू यायची. बुआफानने आवाज चढवला. "आमचं बियाणं मेलं. आई आजारी होती. मी सगळ्या वड्या एकाच घाण्याला कुटल्या, आणि तो घाणा पावसात भिजवला."

"पावसात? आणि तू कुठे होतीस?"

"शेजारी टीव्ही बघत होते."

"काय बघत होतीस?"

"टीव्ही," बुआफान ओरडली. गल्लीतली दोन पोरं खिदळली. एका बाईने मुसळ थांबवलं.

 मग उथायचा चेहरा दाराशी आला. तिने बुआफानकडे नाही, ओंडक्याकडे बघितलं. "धुवण न्यायला आलात होय," ती म्हणाली.

"हो," चानपेंग म्हणाली. "धुवण न्यायला आलोय."

उथाय आत गेली. बऱ्याच वेळाने शिडीवर तिचे पाय दिसले, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती उतरली. केळीच्या पानात बांधलेल्या वड्या तिने बुआफानच्या हातात दिल्या आणि चानपेंगपुढे उभी राहिली.

"तुझं मेलं हे मला आवडलं नाही," ती म्हणाली. "मला वाटलं होतं हसू येईल."

"मग हस."

"येत नाही ना."

दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींच्या पायांकडे बघितलं. मग चानपेंग उठली.

परतताना ती मधेच दम खायला थांबली. बुआफानही थांबली, पानाची पुडी दोन्ही हातांत.

"त्या बाजारच्या वड्यांना अंगठा माझ्यासारखा वाकडा केला होतास," चानपेंग म्हणाली.

"हो."

"चांगला केला होतास. मी माझा ठेवून पाहिला, मलासुद्धा ओळखू आला नाही." ती पुन्हा चालायला लागली. "पावसाचं मी विसरेन. टीव्हीचंही विसरेन. हे नाही जमत."

 बुआफान दोन पावलं मागे चालत राहिली.

उथायच्या वड्यांची पूड करून त्यांनी नवा घाणा लावला. थोडाच, पन्नास चकत्यांचा. दोन वड्या भोपळ्यात ठेवल्या. चकत्या चानपेंगने थापल्या, पण ठसा उमटवायची वेळ आली तेव्हा तिने सूप लेकीकडे सरकवलं. बुआफानने ठसा उमटवला, सरळ. ऊन चांगलं पडलं आणि ती ते संपेपर्यंत सुपांजवळून उठली नाही. तिसऱ्या आठवड्यात आठ कॅन भरून ती काठावर पानच्या नावेशी गेली.

"चानपेंगची ना?" पानने विचारलं. सवयीने विचारलं, आणि मग त्यालाच अवघडल्यासारखं झालं.

"उथायची," बुआफान म्हणाली.

"उथायची तर मी उथायकडूनच घेतो की."

"घेतोस."

"मग?"

"मग काही नाही. आमच्या भट्टीची आहे, बियाणं उथायचं आहे. विचारलंस म्हणून सांगितलं."

पानने झाकण उघडून वास घेतला. मग झाकण लावलं, डोकं खाजवलं. "दोन दे," तो म्हणाला. "बघतो."

दोन कॅन नावेत चढवून ती सहा परत घेऊन निघाली. एका खेपेला दोन, काठाच्या कापलेल्या पायऱ्यांवरून, खांद्यावर आडवा बांबू, दोन्ही टोकांना एकेक कॅन. पहिल्या खेपेला पायरीवर कपडे धुणाऱ्या बायकांनी विचारलं, कुणाची गं? तिने सांगितलं. दुसऱ्या खेपेला जाळी वाळवणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं, त्यालाही सांगितलं. तिसऱ्या खेपेपर्यंत बायका निघून गेल्या होत्या, म्हातारा डुलकी घेत होता. बांबू खांद्यावर रुतत होता. वरच्या पायरीशी दम घ्यायला ती थांबली, आणि कुणीही विचारलेलं नसताना म्हणाली, "उथायची."

मग तिने बांबू दुसऱ्या खांद्यावर घेतला.